गावाच्या पाण्याची नियमावली लिहायला बसलात? आधी वहीच्या पानावर पाण्याची वाट काढा

ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या की माझा फोन दोनच कारणांनी वाजतो, एक म्हणजे मजूर मिळतील का कुठं, आणि दुसरं म्हणजे "भाऊ, तो पाण्याच्या नियमावलीचा नमुना टाका ना व्हॉट्सअपला". नमुना मी टाकत नाही. कारण असे नमुने कुठून कुठून फिरत आलेले असतात, कोकणातल्या झऱ्यावरच्या योजनेचा कागद आमच्या दिंडोरी निफाडच्या गावात येतो, वरचं नाव बदलतात, ग्रामसभेत हात वर होतात आणि सहा महिन्यांनी कळतं की यातलं अर्धं आपल्याला लागूच होत नाही.

मी वकील नाही. पंधरा-सोळा वर्षं ग्रामपंचायतींची कागदं करून देतोय, आणि माझी सगळ्यात पहिली नियमावली पार फसली होती, म्हणून आधी तेच सांगतो. गावाचं नाव नको. चौदा कलमं लिहिली होती आम्ही, रात्री अकरापर्यंत समाजमंदिरात बसून. धरणातून दर महिन्याला आवर्तन सुटलंच पाहिजे, उद्भव विहिरीच्या (जिथून गावाचं पिण्याचं पाणी उचलतात ती) आसपास नवीन बोर मारणाऱ्याची गाडी जप्त, नळाला मोटर लावली तर ५००० रुपये दंड, वरच्या कारखान्याने नाल्यात पाणी सोडलं तर त्याला टाळं, असलं सगळं. टाळ्या पडल्या. ठराव वर गेला आणि दीड महिन्याने एका ओळीचं पत्र आलं, "सदर दंड व जप्ती कोणत्या तरतुदीखाली प्रस्तावित आहे याचा खुलासा व्हावा." खुलासा काय करणार, तरतूदच नव्हती. चौदातली नऊ कलमं आमच्या हातातल्या पाण्याबद्दल नव्हतीच मुळी.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे, पेन हातात घ्यायच्या आधी पेन्सिल घ्यायची. वहीचं एक पान आडवं धरा आणि तुमचं पाणी कुठून निघतं ते तोटीपर्यंत आणि तिथून गटारापर्यंत एक रेघ ओढा. धरण किंवा नदी, मग उद्भव विहीर, मग पंपहाऊस, तिथून टाकीला चढणारी पाइपलाइन, टाकी, व्हॉल्व्ह, गल्लीतली लाइन, तोटी, मोरी, नाला. आता जिथं जिथं पाणी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तिथं फुली मारा. बहुतेक गावांत चार-पाच फुल्या येतात. प्रादेशिक योजना असेल तर अजून एक, कारण मोठी लाइन जिल्हा परिषद किंवा जीवन प्राधिकरणाकडं असते आणि तुमचा हक्क गावाच्या टाकीपासून पुढं सुरू होतो. हे पान ग्रामसेवक, पाणी सोडणारा कर्मचारी आणि पाण्यावरून सगळ्यात जास्त भांडणारी एखादी मावशी, या तिघांना दाखवून दुरुस्त करून घ्या. इंजिनियरला माहीत नसलेली जुनी बंद लाइन मावशीला माहीत असते, हे मी अनेकदा बघितलंय.

आता प्रत्येक तुकड्यावर कोणाचा कायदा चालतो ते लिहायचं. हे जरा कंटाळवाणं आहे पण इथंच सगळी गंमत आहे.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची नोंद १७ आहे, पाणीपुरवठा, पाटबंधारे, कालवे, साठवण हे सगळं त्यात येतं, म्हणजे पाणी हा मुळात राज्याचा विषय. केंद्राकडं काय, तर केंद्रसूचीची नोंद ५६, आंतरराज्य नद्या आणि त्यांची खोरी, तीही संसदेने कायदा करून जेवढं स्वतःकडं घेतलं तेवढीच. आणि आपण? आपण म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, त्यात अकरावी अनुसूची आली, तिच्यातल्या २९ विषयांत पिण्याचं पाणी ११ व्या नंबरला आहे, आणि बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत शहरांचा पाणीपुरवठा ५ व्या नंबरला. लोक इथंच फसतात. त्यांना वाटतं अनुसूचीत नाव आलं म्हणजे अधिकार आला. तसं नाही हो, कलम २४३ छ काय आणि २४३ ब काय, दोन्हीचा अर्थ इतकाच की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार कायद्याने देऊ शकतं. देईल तेवढे आपले. म्हणून तुमच्या नियमावलीचा आधार घटना नाही, तुमच्या संस्थेचा राज्य कायदा आहे. गावाला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५९, सिन्नर इगतपुरीसारख्या नगरपालिकेला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, नाशिक शहराला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम. ठरावाच्या पहिल्याच ओळीत हे नाव पाहिजे.

मग दिल्लीचा संबंध येतो कुठं? तीन दारांनी येतो. पहिलं दार आंतरराज्य नदी. सुरगाण्याकडची नार, पार ह्या नद्या गुजरातेत उतरतात, म्हणून तिथलं पाणी इकडं वळवायचं म्हटलं की दोन राज्यं आणि केंद्र तिघं टेबलाला बसतात. दुसरं दार प्रदूषण. १९७४ चा जल प्रदूषण कायदा हा केंद्राचा, पण पाणी राज्याचा विषय मग संसदेने केला कसा, तर कलम २५२ वापरून, म्हणजे काही राज्यांच्या विधानसभांनी आधी ठराव करून संसदेला सांगितलं की आमच्यासाठी तुम्हीच कायदा करा. मला हे फार आवडतं, कारण वरच्याने खालच्याचं काम करायचं तर खालच्याची संमती लागते हे त्यात स्पष्ट दिसतं. तिसरं दार पैसा, आणि तेच सगळ्यात मोठं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर, पण त्यासाठी संसदेने काही कायदा केलेला नाही, ती योजना आहे आणि तिच्या मार्गदर्शक सूचना आहेत. पंधराव्या वित्त आयोगाचंही तसंच, २०२१ ते २६ च्या काळात ग्रामपंचायतींना येणाऱ्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. म्हणजे दिल्ली गावाच्या पाण्याबद्दल कायद्याने कमी आणि चेकने जास्त बोलते. तुमच्या कामाच्या दृष्टीने फरक असा, की कायदा मोडला तर कोर्ट, आणि मार्गदर्शक सूचना मोडली तर पुढचा हप्ता अडकतो. दोन्हीची तयारी वेगळी.

आणि राज्य. इथं नाशिकवाल्यांनी जरा थांबून वाचा. गोदावरी आंतरराज्य नदी आहे, बरोबर, पण गोदावरी लवादाने १९८० च्या निवाड्यात पैठणपर्यंतचं पाणी महाराष्ट्राने वापरायचं असं ठरवून दिलेलं आहे. त्यामुळं गंगापूर, दारणा, मुकणे ही वरची नाशिकची धरणं विरुद्ध खालचं पैठणचं जायकवाडी हे भांडण दिल्लीचं नाहीच, घरातलंच आहे, आणि ते चालतं २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यावर, त्यातल्या कलम १२ (६) (ग) वर, समन्यायी वाटप. मेंढेगिरी समितीने २०१३ साली सूत्र दिलं, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून सोडायचं. २०२३ ला त्याच वादात नाशिक नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला होता, तेव्हा इथं किती गरमागरमी झाली ते सगळ्यांना आठवत असेल. मला राग येतो तो सोडण्यावर नाही, राग येतो तो दरवर्षी आपली माणसं पंतप्रधानांना निवेदन देतात त्यावर. अहो, चुकीच्या खिडकीवर रांग लावून काय मिळणार.

तर ग्रामसभेने धरणाच्या पाण्यावर कलम लिहू नये. काय करावं, तर पिण्याच्या पाण्याच्या आरक्षणाची मागणी करणारा वेगळा ठराव करावा, आकड्यासकट. आकडा कसा काढायचा बघा. समजा गाव १८०० लोकसंख्येचं. माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज ९९ हजार लिटर. वर्षाला साधारण ३ कोटी ६१ लाख लिटर. एक दलघफू, म्हणजे दहा लाख घनफूट, हे झालं २ कोटी ८३ लाख लिटर. म्हणजे तुमच्या अख्ख्या गावाला वर्षाला लागतं सव्वा दलघफू पाणी, आणि एकट्या गंगापूर धरणाची क्षमता ५६३० दलघफू आहे. गळती, जनावरं, जत्रा सगळं धरून दोन मागा. "आम्हाला पुरेसं पाणी द्यावे" असं लिहिलेला कागद आणि "२ दलघफू पिण्यासाठी राखीव ठेवावे" असं लिहिलेला कागद, यातला कुठला टेबलावर टिकतो ते सांगायला नको.

बोअरचंही तसंच. गावाने गाडी जप्त करायची नाही, त्यासाठी २००९ चा भूजल कायदा आहे, २०१४ पासून लागू, अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधन आहे आणि सार्वजनिक पिण्याच्या उद्भवाला संरक्षणही आहे. कारवाई सरकारी यंत्रणेने करायची. तुमच्या नियमावलीत एवढंच यावं की उद्भवाजवळ मशीन लागलेलं दिसलं तर कोण, किती तासांत, कोणाला लेखी कळवेल. हे छोटं वाटतं पण बोर रात्रीत होतो, सकाळी कळवून उपयोग नसतो.

आता उरलं ते आपलं. टाकीपासून तोटीपर्यंत. इथं मात्र गाव राजा आहे आणि नेमकं इथंच लोक दोन ओळीत उरकतात.

पाणी समितीपासून सुरुवात करा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामपंचायतीच्या समित्या होतात, जलजीवनच्या सूचनांनुसार पाणी समितीत १० ते १५ जण, निम्म्या तरी बायका, पाव भाग निवडून आलेले सदस्य. कागदावर बायका असतात आणि सह्या घरून आणतात, हे चालू देऊ नका, त्यापेक्षा मीटिंगची वेळ बदला. एका गावात आम्ही मीटिंग रात्री आठऐवजी दुपारी अडीचला ठेवली, बायका आल्या, आणि पहिल्याच दिवशी कळलं की शेवटच्या गल्लीत पाणी येतं तेव्हा त्या सगळ्या वावरात असतात. व्हॉल्व्हचा क्रम उलटा केला, शेवटची गल्ली आधी. एक रुपया खर्च नाही.

नियम लिहायच्या आधी एक मोजणी करा. टाकीजवळचं एक घर, मधलं एक आणि सगळ्यात शेवटचं एक, तीन ठिकाणी २० लिटरची बादली तोटीखाली ठेवायची आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं. मागे एकदा केलं तेव्हा पहिल्या घरी सव्वा मिनिट, मधल्या घरी चार मिनिटं, शेवटच्या घरी अकरा. त्या शेवटच्या घरातल्या आजी बादलीकडं बघत म्हणाल्या, "आमच्याकडं नळाला पाणी येत नाही रे, नळाला घाम येतो." तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवला आणि मोटरवाल्यांची वकिली करणारे दोघं गप्प बसले. नियम याच्यावर उभा करायचा, की शेवटच्या घरी बादली इतक्या मिनिटांत भरली पाहिजे, नाही भरली तर समिती तीन दिवसांत लाइन तपासेल.

मोटरचा दंड हा सगळ्यांचा आवडता विषय. घटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, आणि मनाने ठरवलेल्या दंडाचंही तेच होतं, म्हणून ५००० चा आकडा विसरा. त्यापेक्षा नळजोडणीच्या अर्जावरच अट टाका. जोडणी घेणारा सही करून मान्य करतो की मी लाइनला थेट मोटर लावणार नाही, फेरूलचा (मुख्य लाइनवरच्या जोडणीच्या तुकड्याचा) साइज बदलणार नाही, आणि आढळल्यास नोटीस देऊन जोडणी बंद करता येईल व पुन्हा जोडायचा खर्च मी भरेन. जुन्या जोडण्यांचे अर्ज भरून घ्यायला दोन-तीन महिने जातात, जाऊ द्या. नोटीस न देता रात्री जाऊन नळ तोडू नका, भाऊबंदकी त्यातूनच सुरू होते आणि कोर्टात पण तुम्हीच चुकीचे ठरता.

पाणीपट्टी. ग्रामपंचायत कलम १२४ खाली लावते, सामान्य आणि विशेष असे दोन प्रकार नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, तुम्ही बघितले असतील, आणि दर १९६० च्या कर व फी नियमांत बसवून ठरवायचा. पण ठरवताना अंदाजे शंभर नाहीतर दीडशे असं बोली लावल्यासारखं करू नका. समजा ३६० जोडण्या आहेत. महिन्याला वीज १८ हजार, पाणी सोडणाऱ्याचा पगार ९ हजार, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर २ हजार, दुरुस्ती ७ हजार, झाले ३६ हजार, म्हणजे जोडणीमागे १०० रुपये. आता खरा प्रश्न विचारा, की भरतात किती जण? शंभरातले सत्तर भरत असतील तर १०० चा दर तुम्हाला ७० च देतो आणि दर महिन्याला १०,८०० रुपयांचा खड्डा पडतो. दर १४३ करा किंवा वसुली वाढवा, तिसरा रस्ता नाही, आणि दर वाढवून न भरणाऱ्यांचं ओझं भरणाऱ्यांवर टाकणं मला तरी पटत नाही. वसुलीसाठी कलम १२९ आहे, आधी मागणी बिल, मग नोटीस, आणि तरी नाही तर जप्ती. बहुतेक गावांत बिलच वेळेवर छापलं जात नाही, लोकांना नावं ठेवण्याआधी ते बघा. आणि हो, गावातल्या कामांसाठी जलजीवनमध्ये लोकवर्गणी आहे, सर्वसाधारण १० टक्के आणि डोंगरी किंवा आदिवासी बहुल गावांना ५ टक्के, ती वेगळी, तिचा हिशेब पाणीपट्टीत मिसळू नका.

ठरावाची भाषा साधी पण पक्की ठेवा. मी साधारण असं लिहितो: "महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५९ अन्वये प्राप्त अधिकारास अधीन राहून, गावातील वितरण वाहिनी व नळजोडण्या यांचे व्यवस्थापनासाठी सोबत जोडलेली नियमावली दिनांक अमुकपासून लागू करणेत यावी. सदर नियमावलीतील कोणतीही बाब राज्य अथवा केंद्र शासनाचे कायद्याशी विसंगत आढळल्यास तेवढीच बाब गैरलागू राहील." ते शेवटचं वाक्य विसरू नका, एका चुकीच्या ओळीमुळं सगळा कागद परत यायचा वाचतो. सूचक, अनुमोदक, हजेरी. कोरम म्हणजे मतदारांचे १५ टक्के किंवा १०० जण, यातलं कमी असेल ते. सह्यांचं रजिस्टर आणि इतिवृत्तातली संख्या जुळली पाहिजे, यावरून उडालेले ठराव मी बघितलेत.

पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि त्र्यंबक, दिंडोरी, इगतपुरी, बागलाणची काही गावं अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागात येतात, तिथं खेळ थोडा वेगळा. १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा संसदेचा आहे आणि २०१४ चे त्याचे नियम राज्याचे. तिथं छोट्या जलसाठ्यांच्या नियोजनात ग्रामसभेला आणि पंचायतीला जागा आहे, आणि पाडा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. तर अशा गावात नियमावली ग्रामपंचायतीच्या नावाने सरसकट न करता पाड्यापाड्याच्या सभेत आधी वाचा, उशीर होतो पण नंतर झऱ्यावरून भांडण होत नाही.

शहरातल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं नागरिकाच्या हातात मसुदा नसतो, हरकत असते. महापालिका उपविधी, म्हणजे स्वतःचे नियम, करते तेव्हा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती घेतात, आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी लागते. तेव्हा सिडको, सातपूरच्या सोसायट्यांनी नंतर बोंब मारण्यापेक्षा हरकतीच्या मुदतीत कागद द्यावा, आणि त्यात धरणातल्या ठोक पाण्याचा दर काढू नये, तो जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, महापालिका जलसंपदा खात्याकडून ते पाणी विकत घेते. तुमची हरकत पुढच्या वाटपावर आणि मीटरवर घ्या. नवीन नळजोडणी अडवली असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा, त्यात मुदत आहे आणि अपीलही. आणि गटाराचं पाणी नदीत जात असेल तर तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं, कारण १९७४ चा कायदा महापालिकेलाही सोडत नाही.

कागद तयार झाला की तीन प्रती काढा. एक पंचायत समितीत, एक जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात, एक ग्रामपंचायतीच्या फाइलला. आरक्षणाच्या मागणीचा ठराव मात्र वेगळ्या पत्राने, जलसंपदाच्या कार्यकारी अभियंत्याकडं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडं. प्रत्येक ठिकाणी आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरू नका, "ठेवून जा, साहेब बघतील" यावर विश्वास ठेवून माझी दोन वर्षं गेलीत.

आणि फोन करायचाच असेल तर ऑक्टोबरात नको, जुलैत करा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला तर सप्टेंबरात पत्र पोचतं आणि १५ ऑक्टोबरला धरणांचा हिशेब मांडतात तेव्हा तुमचे दोन दलघफू कागदावर असतात. ऑक्टोबरात मी बागेत असतो, फोन उचलला तरी हातात कात्री असते.